पुढील आदेशापर्यंत

“आजपासून या राज्यात कुणीही अनाथ राहणार नाही! मानवाच्या इतिहासातलं एकटेपणाचं युग आज, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, संपलेलं आहे!”

जालन्याच्या नाट्यगृहात मंत्रिमहोदयांनी ही घोषणा केली तेव्हा टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. थांबल्या, तेव्हा दोन स्वयंसेविका रांगांमधून फिरल्या आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक पांढरी डबी ठेवली. डबीच्या झाकणाला आतून एक इवलासा चमचा होता. नमुना उद्या सकाळचा, पहिल्या खेपेचा असावा, वाटाण्याएवढा पुरे, कृपया डबी भरून आणू नये, अशी सूचना ध्वनिक्षेपकावरून तीनदा देण्यात आली. मंत्रिमहोदयांनी डबी उंच धरून फोटो काढून घेतला. ती अर्थातच रिकामी होती.

चौथ्या रांगेत बसलेल्या अंबादास बोर्डे यांनी आपली डबी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ठेवली. बोर्डे जिल्ह्याचे परिविक्षा अधिकारी. या हुद्द्याचा माणूस नेमकं करतो काय, हे त्यांच्या नांदेडच्या सख्ख्या बहिणीलाही तीस वर्षांत कळलं नव्हतं. ती लोकांना ‘कोर्टात असतो’ एवढंच सांगायची आणि लोक सहानुभूतीने मान हलवायचे. काम तसं समजायला सोपं होतं. ज्या मुलांना कुणी नाही, त्यांना कुणी मिळतं का, ते पाहायचं. त्यासाठी लोकांच्या घरी जायचं, चहा प्यायचा, शेजाऱ्यांना विचारायचं आणि सामाजिक तपासणी अहवाल लिहायचा. अशी सहाशेच्या वर घरं त्यांनी तपासली होती. स्वतःचं कुटुंब मात्र त्यांनी केलं नव्हतं. लग्न राहून गेलं याची त्यांना फारशी खंतही नव्हती. इतकी कुटुंबं आतून पाहिल्यावर माणूस समजूतदार होतो.

आता या डबीमागचं शास्त्र सांगायला हवं, नाहीतर वाचक उगाच नाक धरून बसतील.

आपल्या आतड्यात जिवाणूंच्या काहीशे जाती राहतात, हे जुनंच ज्ञान. नवं कळलं ते असं की, एकाच जातीचा जिवाणू घरोघरी जरा वेगळा असतो. जसं प्रत्येक घरचं विरजण वेगळं. एकत्र राहणारी, एका ताटात जेवणारी, एकमेकांचा पेला तोंडाला लावणारी माणसं हे विरजण नकळत एकमेकांना देत राहतात. त्यातही लहानपणी पोटात आलेले पाहुणे जन्मभराचा मुक्काम करतात. पुढे त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या होताना जनुकांमध्ये ठराविक वेगाने बारीकसारीक चुका पडत जातात. दोन माणसांच्या पोटातल्या या चुका ताडून पाहिल्या, की ती दोघं किती वर्षं एकत्र जेवली आणि कधी वेगळी झाली, हे यंत्र बिनचूक सांगतं. तुम्ही कुणाचे, हे रक्तावरून कळतं. तुम्ही कुणाबरोबर जेवलात, हे या डबीवरून.

रक्ताचा शोध सरकारने आधी घेऊन पाहिला होता. त्यातून जन्मदाते सापडायचे, आणि सापडले की दोन्ही बाजूंची पंचाईत व्हायची. त्यामुळे पुण्याच्या एका शास्त्रज्ञ बाईंना वाटलं की ज्याने मूल टाकलं त्याला शोधण्याऐवजी ज्याने त्याला कधीकाळी भरवलं त्याला शोधावं. एखादी आत्या असेल, शेजारीण असेल, गाव सुटल्यामुळे ताटातूट झालेली आजी असेल. म्हणून संस्थांमधून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचे नमुने राज्यातल्या आरोग्य तपासणीच्या साठ्याशी ताडून पाहायचं ठरलं. यंत्राचं सरकारी नाव ‘आप्तशोधक’ होतं. कचेरीत त्याला पोटयंत्र म्हणत.

महिन्याभराने निकाल आले. वरिष्ठ लिपिक नसीम शेख यांनी पडद्यावर यादी उघडली आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“साहेब, धनिष्ठाचं जुळलं.”

“अरे वा! कोण निघालं? मावशी?”

“पुरुष आहे. वय सत्तावन्न. आठ ते दहा वर्षं जवळजवळ रोजचं सहभोजन. शेवटचं अकरा वर्षांपूर्वी.”

“म्हणजे बालगृहातलंच कुणी असणार. तिथली सगळी पोरं एकमेकांशी जुळतात.”

“नाही ना. संस्थेतल्या सगळ्यांचं सारखं असलेलं वजा करून उरलेलं आहे हे. हा माणूस निवासी यादीत नाहीच.”

“सापडला हे महत्त्वाचं. राहतो कुठं?”

“शिक्षक कॉलनीत.”

“आमच्याकडंच की! घर नंबर?”

“सोळा.”

बोर्डे यांनी चहाचा कप खाली ठेवला. “सोळा माझा आहे.”

“मी पण तेच म्हणतेय मघापासून,” शेख मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात बोर्डे यांचा फोन वाजला. नांदेडची बहीण होती. तिने कधीतरी रक्तदाबाच्या तपासणीबरोबर नमुना दिला होता आणि तिला आत्ताच ‘आपण संभाव्य आत्या आहात’ असा संदेश आला होता.

“अंबादास,” ती म्हणाली, “मला एवढंच सांग, पोरगी केवढी आहे?”

आता थोडं मागे जायला हवं.

वीस वर्षांपूर्वी शहरातल्या लहान मुलांच्या बालगृहाच्या अधीक्षकाची जागा रिकामी झाली आणि तिचा अतिरिक्त कार्यभार बोर्डे यांच्याकडे आला. आदेशात लिहिलं होतं, ‘तीन महिन्यांसाठी, पुढील आदेशापर्यंत.’ पुढील आदेश नऊ वर्षांनी आला. सरकारी नोकरीत तात्पुरत्या गोष्टीला मरण नसतं.

धनिष्ठा त्याच सुमाराची. पोलिसांनी ती सव्वा वर्षाची असताना आणून दिली. नाव सांगणारं कुणी नव्हतं, तेव्हा तिथल्या प्रथेप्रमाणे भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाचं नक्षत्र पाहिलं गेलं. (मूळ नक्षत्रावर आलेल्या मुलीला तेवढं दुसऱ्या दिवशी नोंदवत, संस्था पुरोगामी होती.)

बालगृहात चव नोंदवही नावाची एक वही असते. वाढण्याआधी अर्धा तास प्रमुखाने अन्न चाखायचं, मग वहीत शेरा लिहून सही करायची, असा नियम. बोर्डे यांची मूळ कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला. ते स्कूटरवरून पोचेपर्यंत सव्वा वाजायचा. पंगत उठलेली, पातेली मोरीत पालथी. चव घ्यायला अन्न शिल्लक असायचं ते फक्त एका ताटात. ते धनिष्ठाचं. पोळीच्या चतकोराला ती पाऊण तास घ्यायची.

मग बोर्डे तिच्यासमोर मांडी घालून बसायचे आणि तिच्या ताटातला घास घेऊन चव बघायचे. एका घासाने तिचं ताट काही संपायचं नाही, आणि ताट संपल्याशिवाय वाढणाऱ्या मावशी तिला उठू द्यायच्या नाहीत. म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली. एक घास धनिष्ठाचा, एक घास सरकारचा. मध्येच ठसका लागला तर पेलाही तोच. ताट स्वच्छ झालं की वहीत वेळ बारा वाजता, शेरा ‘चव चांगली’, खाली सही. ती दहा वर्षांची होऊन मोठ्या मुलींच्या संस्थेत गेली, त्या दिवसापर्यंत हे चाललं. नंतर बोर्डे एकटेच डबा खात आणि तो वेळेवर संपे.

या सगळ्यामुळे बोर्डे आता एका फॉर्मसमोर बसले होते.

आप्त सापडला की परिविक्षा अधिकाऱ्याने त्याची तपासणी करून पंधरा दिवसांत योजनेच्या जिल्हा समितीला अहवाल द्यायचा होता. बोर्डे यांनी ‘सदर आप्त हा मीच असल्याने दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे’ असं कळवलं. दुसऱ्या अधिकाऱ्याचं पद रिक्त असल्याचं उत्तर आलं. सहा वर्षांपासून तेही बोर्डेच सांभाळत होते.

“रकाना अकरा बघा,” शेख मॅडम म्हणाल्या. “‘सहभोजनाचे कारण.’ तिथं ‘अज्ञात’ लिहा साहेब. मग यंत्राची चूक म्हणून फाईल बंद होते.”

“आणि खरं लिहिलं तर?”

“तर नऊ वर्षांच्या वह्या निघतील. सगळीकडं बारा वाजता चव घेतली म्हणून सही, आणि तुम्ही सव्वाला उष्टं खात होता. रिटायरमेंटला तीन महिने राहिलेत. कशाला?”

“आणि धनिष्ठाचं?”

शेख मॅडमनी पडद्यावर पाहिलं. “एकतीस तारखेला एकवीस पूर्ण. अठरानंतरच्या अनुरक्षणगृहातून बाहेर. दुसरं कुठं जुळलेलं नाही. बालगृहात येण्याआधी तिला कुणी भरवलं, तो धागा कोरा आहे.”

बोर्डे यांनी फॉर्मची घडी घातली आणि मोंढ्याजवळच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेले. धनिष्ठा तिथे कामाला होती. एका पाणबुडी पंपाचं पोट उघडून ती तांब्याची तार गुंडाळत होती. अकरा वर्षांत उंच झाली होती. कामाचा वेग मात्र तोच दिसत होता.

“या सर. त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय नुसता दाखवायला आहे.”

“तुला निकाल कळला?”

“कळला. मी म्हटलं, एवढं मोठं यंत्र, जगभर फिरून आलं आणि चव नोंदवहीपाशी थांबलं.”

“तुला आठवतं ते?”

“आठवतं म्हणजे? दोडका कोण खायचं माझा?”

बोर्डे यांना हे नवीन होतं. “तू मला प्रेमाने पुढे करायचीस ना? मला वाटायचं, पोरगी आपल्यासाठी भाजी राखून ठेवते.”

“दोडका असला की मी आणखी हळू जेवायचे,” धनिष्ठा तारेवरची नजर न काढता म्हणाली. “म्हणजे तुम्ही पोचाल.”

दुकानात एक मोटार चाचणीला लावली होती, तेवढी ती बोलत होती.

“हे बघ,” बोर्डे म्हणाले, “तू सज्ञान आहेस. कुणी तुला ताब्यात घेणार नाही. खोली तू घेतलीच आहेस. आप्त म्हणजे फक्त कागदावर नाव, सणावाराला घर, आणि अडीअडचणीला—”

“मला नको सर. ‘अज्ञात’ लिहून टाका. तो रकाना मला शेख मॅडमनी सांगितला.”

“का नको?”

“मला दर वर्षी एक मार्गदर्शक ताई नाहीतर दादा मिळायचे. एका ताईचं लग्न झालं. एक बंगळूरला गेली. एका दादाने माझ्यासोबतचा फोटो अर्जाला लावून परदेशात प्रवेश मिळवला. शेवटच्याचं नाव मला आठवत नाही. पण त्यालाही माझं आठवायचं नाही, म्हणून आमचं बरं जमलं.” तिने तार कापली. “माझी सवय मोडलीय. परत लावून घ्यायची नाही.”

“आणि फॉर्मवर नातेवाईक म्हणून काय लिहितेस?”

“लागू नाही.”

“कुणी विचारत नाही?”

“मार्चमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा विचारत होते. दर तासाला नवी नर्स यायची, ‘सोबत कोण आहे?’ अधीक्षिका मॅडम औरंगाबादला मीटिंगला होत्या. सहीला माणूस नाही म्हणून चार तास थांबले सगळे. पाचव्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, सलाईन आहे.”

ती हसली. बोर्डे हसले नाहीत. स्टुलावर बसायचं नाही हे विसरून ते बसले, आणि स्टूल त्यांच्यासकट आडवं झालं.

त्या संध्याकाळी बोर्डे यांनी स्वतःच्या घरी गृहभेट दिली. नियम तो नियम. कुलूप उघडलं, आत गेले, आणि घरात पहिल्यांदाच आल्यासारखं पाहू लागले. एक खुर्ची. एक ताट, एक वाटी. भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. दुसऱ्यांच्या घरात हे दिसलं असतं तर त्यांनी लगेच नोंद घेतली असती, म्हणून त्यांनी घेतली. मग ते शेजारी कुलथे वहिनींकडे गेले.

“वहिनी, सोळा नंबरच्या गृहस्थांबद्दल आपलं मत काय?”

“सोळा नंबर म्हणजे तुम्हीच ना भावजी?”

“हो. पण मोकळेपणी सांगा.”

कुलथे वहिनींनी पदराला हात पुसले. “चांगले आहेत. म्हणजे वाईट काही ऐकलं नाही. चांगलंही नाही म्हणा.”

“घरी कुणी येतं-जातं?”

“मीटरवाला येतो.”

“स्वभाव?”

“आता कसा सांगू? बारा वर्षांत ‘पाणी आलं का’ याच्या पुढं बोलणं गेलं नाही कधी. कुणासाठी चौकशी चाललीय?”

“एका मुलीसाठी.”

“अगंबाई! या वयात?”

बोर्डे यांना सगळा खुलासा करावा लागला. बारा वर्षांतलं त्यांचं ते सर्वांत लांब भाषण ठरलं. वहिनींनी ऐकून घेतलं, आत जाऊन चहा आणला आणि म्हणाल्या, “लिहा, स्वभाव बोलका आहे. कळायला वेळ लागतो.”

पण बोर्डे यांनी तसं लिहिलं नाही. त्यांनी अहवालात लिहिलं, ‘अर्जदार एकटा राहतो व त्याला त्याची सवय आहे. घरात दुसऱ्या माणसाची सोय नाही. अर्जदारास मुलींशी काय बोलावे हे समजत नाही. पंख्याच्या आवाजावरून चिडतो. सणवार पाळत नाही. दिवाळीत कचेरीत बसतो.’ रकाना अकरापाशी पेन थांबलं. ‘अज्ञात’ हे चार अक्षरांचंही काम नव्हतं. त्या चार तासांत नर्सेस पाच वेळा येऊन गेल्या होत्या, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. मग त्यांनी सव्वा वाजता पोचण्यापासून एक घास सरकारचा इथपर्यंत सगळं, जागा अपुरी पडली म्हणून पाठपोट, लिहून काढलं. शेवटी मात्र तीस वर्षांच्या अनुभवाला स्मरून लिहिलं, ‘सर्व बाबी पाहता अर्जदार योग्य वाटत नाही. शिफारस नाही.’

नियमाप्रमाणे मुलीनेही आप्ताचं घर पाहायचं होतं. रविवारी शेख मॅडम तिला घेऊन आल्या. खुर्ची एकच असल्याने कुलथे वहिनींकडून दोन मागवण्यात आल्या. धनिष्ठाने पंखा पाहिला, त्याचा आवाज ऐकला आणि काही न बोलता अहवाल वाचायला घेतला. ती हळू वाचत होती. शेख मॅडमचा चहा संपला.

“हे तुम्ही लिहिलंत?” तिने विचारलं.

“हो. तुला फसवायचं नव्हतं.”

“माझ्या फाईलमध्ये तुमचे आणखी दोन अहवाल आहेत सर. मी बाराची असताना परभणीच्या एका घरी पाठवलं होतं, प्रतिपालनाला. त्यात तुम्ही लिहिलंय, ‘कुटुंब आदर्श. वातावरण प्रेमळ.’ सात महिन्यांनी त्यांची बदली झाली, तेव्हा फ्रिज नेला, मला परत दिलं. दुसरं अंबडचं. ‘अत्यंत योग्य. आग्रहाने शिफारस.’ त्यांना स्वतःचं बाळ झालं. पाच महिने.”

बोर्डे यांना ती दोन्ही घरं आठवली. परभणीला चहासोबत चिवडा होता. अंबडच्या बाईंनी भिंतीवर धनिष्ठाचं नाव आधीच रंगवून घेतलं होतं. दोन्ही अहवाल त्यांनी मनापासून लिहिले होते.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी सरकारी भाषेत कधी लिहिलं नव्हतं. त्यामुळे ते थोडं अडखळत आलं.

“दोन्ही वेळी पेटी मी स्वतः भरली होती,” धनिष्ठा म्हणाली. “दोन्ही वेळी त्या लोकांनी सांगितलं, येत जा. मी एकदा गेले पण होते परभणीला. त्या घरात दुसरं कुणी राहत होतं.” तिने अहवाल पुन्हा उघडला. “हा पहिला असा आहे की वाचून घर डोळ्यापुढे येतं. चिडतो, गप्प बसतो, दिवाळीत कचेरीत जातो. आत काय आहे ते डबीवर लिहिलंय. यात परत करण्यासारखं काही नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे समितीपुढे येते मी. शिफारसीचं मला नका सांगू, तुमच्या शिफारशी मी भोगल्यात.”

शेख मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं आणि रुमालाने चष्मा पुसला. काच स्वच्छ होती.

समितीच्या अध्यक्षा ॲडव्होकेट देऊळगावकर यांनी अहवाल दोनदा वाचला. स्वतःविरुद्ध प्रतिकूल अहवाल देणारा अधिकारी त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

“बोर्डे, नऊ वर्षं तुम्ही खोट्या सह्या केल्यात?”

“चव खरी घेतली होती मॅडम. वेळ खोटी होती.”

“म्हणजे तीनेक हजार सह्या?”

“रविवार धरून.”

“याची चौकशी लागेल, कल्पना आहे ना?”

“आहे.”

अध्यक्षांनी टिपण लिहिलं आणि धनिष्ठाकडे वळल्या. त्यांचा आवाज जरा मऊ झाला. “बाळ, अधिकारी म्हणून यांनी शिफारस केलेली नाही. पण अंतिम इच्छा तुझी आणि यांची. अंबादास बोर्डे यांना तू कायम आप्त म्हणून स्वीकारतेस का?”

“नाही,” धनिष्ठा म्हणाली.

बोर्डे यांनी खाली पाहिलं. फरशीवर एक काळी टाचणी पडली होती. ती त्यांनी फार लक्षपूर्वक पाहिली. या पंधरा दिवसांत त्यांनी दुसरं ताट घेतलं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

“कायम नको,” धनिष्ठा पुढे म्हणाली. “कायम म्हणून मला दोन घरं दिली होती. एक सात महिने टिकलं, एक पाच. हे सर तीन महिन्यांसाठी आले होते आणि नऊ वर्षं राहिले. त्यांच्या त्या कागदावर जे लिहिलं होतं, ते लिहा.”

अध्यक्षांनी बोर्डे यांच्याकडे पाहिलं. बोर्डे यांनी घसा साफ केला. “‘अतिरिक्त कार्यभार, पुढील आदेशापर्यंत,’ मॅडम.”

“असा रकाना नाही.”

“शेऱ्यात घालता येतं. मसुदा मी करून देतो.”

“आणि तो पुढचा आदेश काढणार कोण?”

“ते पद रिक्त ठेवावं,” बोर्डे म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी सरकारकडे स्वतःसाठी केलेली ही पहिली मागणी होती.

ती मंजूर झाली. सह्यांच्या चौकशीचा आदेशही त्याच दिवशी निघाला आणि चौकशी अधिकारी मिळेपर्यंत ती तात्पुरती स्थगित ठेवण्यात आली. ‘तात्पुरती’ हा शब्द वाचून शेख मॅडमनी फाईल कपाटात अगदी मागे ठेवली.

पुढच्या दोन महिन्यांत प्रकरण गाजलं. पुण्याच्या शास्त्रज्ञ बाईंनी त्यावर निबंध लिहिला: पूर्ण घर नसतानाही रोजच्या काही घासांतून आप्तसंबंध टिकतो, याचा हा पहिला नोंदलेला पुरावा. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात बोर्डे यांच्या आईच्या चुलीपाशी जे विरजण लागलं होतं, ते आता मोंढ्यात मोटारी दुरुस्त करणाऱ्या मुलीच्या पोटात सुखाने नांदतंय, हे रंगीत आलेखासह छापून आलं. सरकारने परिपत्रक काढून सर्व अधीक्षकांना मुलांसोबत जेवण्याच्या सूचना दिल्या आणि त्यासाठी वेगळी नोंदवही छापली. वर्तमानपत्रांनी बोर्डे यांना नवयुगाचा साक्षीदार ठरवलं.

धनिष्ठाचा मात्र फोन येत नव्हता. ती खोलीवर राहायला गेली, दिवाळीला तासभर येऊन गेली, पंख्याचं बेअरिंग बदलून गेली. बस. बोर्डे यांनी आपण होऊन फोन करावा की नाही याचा चार वेळा विचार केला आणि चारही वेळा फोन चार्जिंगला लावला. कायम नको म्हणालेल्या मुलीला कितपत फोन करावा, याबद्दल कुठं काही लिहिलेलं नव्हतं. ते निवृत्त झाले. शाल मिळाली.

मग मुंबईच्या मोठ्या परिषदेत मंत्रिमहोदयांच्या शेजारी बसून भाषण करायचं निमंत्रण आलं. घ्यायला सकाळी गाडी येणार होती. आदल्या दिवशी दुपारी बोर्डे भाषणाचा मसुदा करत बसले. ‘माणूस रक्ताने जन्मतो, पण अन्नाने माणसांत येतो. समाजाच्या या विशाल पंगतीत...’ इथपर्यंत आले होते, तेव्हा फोन वाजला. पडद्यावर धनिष्ठाचं नाव होतं.

“सर, उद्या अकरा ते एक मोकळे आहात का?”

बोर्डे यांनी मसुद्याकडे पाहिलं. “आहे की. का गं?”

“माझ्या खोलीवर नळवाला येणार आहे. मालकीणबाई म्हणतात, घरचं कुणीतरी माणूस हजर पाहिजे. मला दुकानातून सुटी नाही.”

“येतो,” बोर्डे म्हणाले. त्यांना आणखीही काहीतरी बोलायचं होतं, पण ते जमायच्या आत ती घाईने पुढे बोलली.

“आणि सर, तो वॉशर जुनाच फिरवून बसवतो. जरा समोर उभं राहून बघाल?”